उताराचा हिशेब

पांढरकवड्याहून ४४ नंबरचा महामार्ग धरून दक्षिणेला निघालं की पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा आडवी येते आणि पूल संपला की पाट्या तेलुगू होतात. बदलतात त्या पाट्याच. पऱ्हाटी दोन्ही तीरांवर तीच, तूर तीच, धुऱ्यावरचा पळस तोच. जैनथ, बेला, तलामडगू या भागात कानावर पडणारी मराठीही विदर्भाच्याच वळणाची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्याचे तालुके इकडे आले, उरलेला जिल्हा आंध्रात गेला, पुढे तेलंगणात आला आणि २०१६ मध्ये त्याचेही चार जिल्हे झाले. महामार्गावरून जाणाऱ्याला हा मुलूख सपाट वाटतो. तो समज गुडीहतनूरला डावीकडे वळेपर्यंत टिकतो. तिथून इंद्रवेल्ली, केसलापूर, उटनूरकडे जाणारा रस्ता हळूहळू टेकड्यांत शिरतो. अजिंठा-सातमाळ्याची रांग पूर्वेला सरकत सरकत निर्मलच्या डोंगरांत जिथे विरते, तो हा भाग. सागाचं पानगळीचं रान, मुरमाड उतार, काळ्या जमिनीचे पट्टे, जागोजागी नाले. पहिल्यांदाच डोंगरवाटेवरची मॅरेथॉन करायला निघालेल्या मराठी माणसानं तयारीसाठी हा मुलूख बघावा असं मला वाटतं. इथे फार उंच डोंगर नाहीत, हे मान्य. पण शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर जी गोष्ट कधीच कळत नाही ती इथली जमीन दोन दिवसांत शिकवते: डोंगरातली पहिली मॅरेथॉन ही फार थोडी पळण्याची परीक्षा असते. चालता किती येतं, उतरता कसं येतं आणि जवळचं पाणी, अन्न, ताकद किती वेळ पुरवता येते, हे तिथे तपासलं जातं. सराव आणि सामान दोन्ही याच हिशेबानं ठरवायला हवं. बहुतेक जण ते उलट्या टोकाकडून, म्हणजे बुटांच्या दुकानातून, ठरवायला लागतात.

आधी साधं गणित. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर, १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते धावलं गेलं आणि १९२१ मध्ये कायमचं ठरलं. रस्त्यावर या आकड्याला अर्थ आहे, कारण रस्त्यावरचा एक किलोमीटर दुसऱ्या किलोमीटरसारखा असतो. डोंगरात तसं नसतं. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली डोंगरात चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला: दर तीन मैलांना एक तास, आणि शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. बेचाळीस किलोमीटरच्या वाटेत बाराशे मीटरचा एकूण चढ धरला, तर हा हिशेब पावणेअकरा तासांवर जातो. हा निव्वळ चालणाऱ्याचा वेळ झाला. अधूनमधून पळणारा तो बराच खाली आणेल. तरीही रस्त्यावर पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला इथे सात-आठ तास लागले तर त्यात नवल नाही. जानेवारीत आदिलाबादचा दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. म्हणजे सगळी वाट चालणाऱ्याची पहाटे अंधारात सुरुवात, किंवा वाटेत कुठे पाय मुरगळून तास-दोन तास गेले की शेवट अंधारात. डोक्याला बांधायची बॅटरी घ्यावी की नाही हा प्रश्न तिथेच मिटतो, आणि तो कुठल्या जाहिरातीनं मिटवलेला नसतो. सरावाची वहीही किलोमीटरमध्ये न लिहिता तासांत लिहावी. आठवड्यात तीन छोटे दिवस आणि एक लांबचा दिवस. लांबचा दिवस दोन तासांपासून सुरू करून तीन-साडेतीन महिन्यांत पाच-सहा तासांपर्यंत न्यावा. त्या तासांत किती पळणं आणि किती चालणं झालं, हे सुरुवातीला मोजूच नये.

इथे पहिला आक्षेप येतो. चालायचंच असेल तर तिला मॅरेथॉन कशाला म्हणायचं? सिंहगड-राजगड-तोरणा या ५३ किलोमीटरच्या शर्यतीत पुढे असणारे लोक पळतातच की. पळतात, पण तेही सगळीकडे नाही, आणि जिथे पळतात तिथे का पळतात हे पाहण्यासारखं आहे. मराठी माणसाला याचं उत्तर परदेशी पुस्तकात शोधायची गरज नाही. आळंदीहून पंढरपूरला निघालेली वारी अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालते. चालते, पळत नाही. पण वेळापूरजवळ 'धावा' होतो आणि तो उतारावर होतो. त्यामागची कथा तुकोबांना दिसलेल्या कळसाची आहे, हे खरंच. तरी थकलेली पावलं पळायला तयार होतात ती उतारावर, हेही तितकंच खरं. शरीरशास्त्राचा निकाल वेगळा नाही. आल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली चढ-उतारावर धावण्याचा ऊर्जाखर्च मोजला. सपाटीवर दर किलो वजनामागे दर मीटरला साडेतीन ज्यूलच्या आसपास खर्च होतो. शंभर मीटरला वीस मीटर खाली जाणाऱ्या उतारावर तो जवळपास निम्म्यावर येतो, आणि शंभराला पंचेचाळीस अशा खड्या चढावर पाचपटीच्या वर जातो. २०१६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात झालेल्या एका अभ्यासानं पुढचं पाऊल टाकलं: खड्या चढावर त्याच गतीनं उंची गाठायची असेल तर पळण्यापेक्षा चालणं स्वस्त पडतं. तेव्हा चढावर चालणारा हार मानत नसतो, तो काटकसर करत असतो. गुडघ्यावर हात टेकून, छोटी पावलं टाकत, बोलता येईल इतक्याच दमानं चढणं ही वेगळी शिकायची कला आहे. रोज पळणाऱ्यांना ती अवघड जाते, कारण त्यांचा अभिमान आडवा येतो.

मग उतार स्वस्त असेल तर चिंता कसली? चिंता तिथेच आहे. उतारावर श्वास लागत नाही, म्हणून माणूस सुटतो, आणि बिल मांड्यांवर फाडलं जातं. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो. उतरताना तो ताणला जात असतानाच अंगाचा भार थोपवून धरतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना ती कळते. पहिल्या डोंगरी मॅरेथॉनमध्ये लोक बसतात ते बहुधा फुप्फुसं संपल्यामुळे नाही, तर तिसाव्या किलोमीटरला मांड्या थरथरायला लागल्यामुळे. आता यातली दिलाशाची गोष्ट. याच स्नायूला एकदा बेतानं उताराचा मार दिला, की पुढचे काही आठवडे तो त्याच माराला पुष्कळ कमी दुखतो. म्हणजे उतार हा रोज घ्यायचा व्यायाम नाही, लस आहे: थोडी, वेळेवर, आणि शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधीच. घरी बसूनही तिचा थोडा डोस घेता येतो. आपल्या तालमीतल्या बैठका आठवा. खाली जाताना मनात चार आकडे मोजायचे आणि वर येताना एकच. हाच उताराचा सराव, आणि त्याला फी नाही. मात्र तालमीतल्यासारखा शेकड्याचा हट्ट नको. पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस संथ बैठकांनीही चालीत फरक पडल्याचं कळतं.

प्रत्यक्ष जमिनीवर याला जागा कुठे? कुंतला धबधब्याकडे उतरणाऱ्या शेकडो पायऱ्या हे या जिल्ह्यातलं सर्वांत सोयीचं साधन आहे. नेरेडिगोंड्याहून आत बारा-एक किलोमीटरवर कडम नदी तिथे पंचेचाळीस मीटरच्या आसपास खाली कोसळते. तेलंगणातल्या सर्वांत उंच धबधब्यांपैकी तो एक. लोक पावसाळ्यात पाणी पाहायला जातात आणि परत चढताना धापा टाकतात. सरावाला जाणाऱ्यानं हिवाळ्याच्या सकाळी, गर्दी नसताना जावं आणि उतरण्याकडे लक्ष द्यावं: नजर पुढच्या तीन-चार पायऱ्यांवर, पाऊल अंगाखाली, टाच दणकन न आपटता. पाण्याजवळचे खडक मात्र वर्ज्य. ओल्या कातळावर कुठल्याही बुटाची हुशारी चालत नाही. आदिलाबाद शहराजवळ राहणाऱ्याला सातनाला धरणाच्या बाजूच्या टेकड्या आहेत. यावर कुणी म्हणेल, तोरणा चौदाशे मीटर उंच आणि तुम्ही टेकड्या काय सांगता! उंची आणि चढ यांत गल्लत होते ती इथे. पायांना समुद्रसपाटीपासूनचा आकडा माहीत नसतो, त्यांना फक्त बेरीज कळते. साठ मीटरची टेकडी वीसदा चढली-उतरली की बाराशे मीटर चढ आणि बाराशे मीटर उतार वहीत जमा होतो. कंटाळा येतो, हे कबूल. पण शर्यतीच्या उत्तरार्धात कंटाळाही असतोच, त्याचाही सराव झालेला बरा. उलट लांबलचक सलग चढाची सवय अशा टेकड्यांवर होत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. ज्याची शर्यत सह्याद्रीच्या किल्ल्यांवर आहे त्यानं निदान दोनदा तरी तिथला एखादा मोठा चढ पायाखाली घालून यावा.

आता सामानाकडे वळायला हरकत नाही, कारण आता ते कशासाठी हवं हे ठाऊक झालं. बुटांचा प्रश्न इथे ऋतूप्रमाणे तीनदा बदलतो. भाद्रपदात काळी जमीन ओली असते. पांदणीत पाऊल घातलं की तळव्याला चिखलाचा थर बसतो, त्यावर दुसरा, त्यात काडीकचरा. वीस पावलांत माणूस दोन इंच उंच होतो. बुटाच्या वजनात शंभर ग्रॅमची भर पडली की पळण्याचा ऊर्जाखर्च सुमारे एक टक्क्यानं वाढतो, असं प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. चिखल पायामागे चार-पाचशे ग्रॅम सहज होतो; हिशेब ज्याचा त्यानं करावा. दुकानदार यावर खोल दातांचा सोल दाखवतो. मुरमाच्या उतारावर आणि ओल्या मातीच्या वाटेवर तो उपयोगीच आहे, पण चिकट काळ्या मातीत खोल आणि दाट दात म्हणजे माती धरून ठेवायला जास्त जागा. शेतकऱ्याचा उपाय जास्त शहाणपणाचा: वाफसा येईपर्यंत शेतात पाय घालू नये. तोवर मुरमाड टेकडी धरावी. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि कुसळीचे दिवस येतात. कुसळाचं बी जवळून पाहिलं तर एका टोकाला सुईसारखी अणकुचीदार टोपी, तिच्यावर उलटे रोवलेले केस, आणि मागे पिळलेली लांब शेपटी. ही शेपटी ओल लागली की उलगडते, वाळली की पुन्हा पिळते, आणि या फिरण्यानं बी स्वतःला जमिनीत भोकसत नेतं. घामानं भिजलेला मोजा त्याला जमिनीसारखाच वाटतो. पहिल्या तासात टोचलेलं कुसळ चौथ्या तासाला घोट्याला रक्त काढतं. म्हणून बुटाच्या तोंडावर बसणारं कापडी आवरण, ज्याला दुकानात गेटर म्हणतात, ते इथे चैनीत मोडत नाही. आणि नसेल तर जुन्या पँटचा पायचा कापून लवचीक पट्टीनं बांधला तरी भागतं. तिसरा ऋतू सागाच्या पानगळीचा. सागाचं पान हातभर लांब असतं. त्याखाली गोटा आहे की खड्डा, हे वरून दिसत नाही, आणि वाळलेल्या पानावरून पाय घसरतोही. अशा वाटेवर उंच कडेचे जड बूट घोटा वाचवतात हा समज मला अर्धाच पटतो. घोटा वाचवतो तो घोट्याचा सराव, म्हणजे एका पायावर तोल धरणं, ओबडधोबड जमिनीवर रोज थोडं चालणं, आणि पानांच्या गालिचावर पळायचा मोह आवरणं. बूट घेताना पाहायची गोष्ट दुसरीच: संध्याकाळी, पाय फुगलेले असताना घ्यावेत, आणि बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असावी. उतारावर नखं काळी पडतात ती ही जागा नसल्यामुळे.

कापसाच्या जिल्ह्यात कापूस घालू नये, असं सांगणं विचित्र वाटेल. सगळीकडचे सल्ले तेच सांगतात: सुती कपडा घाम धरून ठेवतो, जड होतो, काखेत आणि मांडीत घासतो. हे बरोबर आहे, पण पूर्ण नाही. कोरड्या उन्हात ओलं सुती कापड अंग थंड ठेवतं, आणि गळ्याभोवती भिजवलेली दस्ती हे या भागातलं कष्टकऱ्यांचं जुनं साधन आहे. तेव्हा अंगाला चिकटणारे कपडे आणि मोजे कृत्रिम धाग्याचे, आणि दस्ती सुती, अशी वाटणी मला योग्य वाटते. त्याहून मोठा प्रश्न थंडीचा. आदिलाबाद म्हटलं की बाहेरच्यांना पंचेचाळीस अंशांचा मे महिना आठवतो. पण हाच तेलंगणातल्या सर्वांत गारठणाऱ्या भागांपैकी एक आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान एका आकड्यावर येतं. दुपारी तेच तिशीकडे जातं. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ जण धावत होते. अचानक वारा, पाऊस, गारा आल्या आणि २१ जण गारठून मेले. वारा अडवणारं जाकीट तिथे सक्तीचं नव्हतं. आदिलाबाद म्हणजे गान्सूचं पठार नाही, अशी तुलना कुणी ताणली तर ती मीही मानणार नाही. मुद्दा हवामानाचा नाही, थांबण्याचा आहे. पळणारं शरीर स्वतःची शेगडी असतं. पाय मुरगळला, थांबावं लागलं, अंगावर ओला घाम आणि पहाटेचा वारा, की ती शेगडी विझते. शंभर-दीडशे ग्रॅमचं पातळ विंडचीटर चालत्या माणसासाठी नसतंच, ते थांबलेल्या माणसासाठी असतं. शिट्टी, एक क्रेप बँडेज, चिकटपट्टी, नकाशा उतरवून ठेवलेला फोन यांनाही तीच कसोटी लावावी: मी थांबलो तर याचा उपयोग आहे का? या कसोटीला न उतरणाऱ्या बऱ्याच महाग वस्तू दुकानातच राहतात.

पाण्याच्या बाबतीत माझा पक्ष लोकांना उलटा वाटतो. तहान लागायच्या आत पीत राहा, हा सल्ला उन्हाच्या प्रदेशात विशेष हिरिरीनं दिला जातो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावकांच्या रक्ताची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले: तेरा टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणाबाहेर उतरलं होतं. वजन धावताना घटण्याऐवजी वाढलेल्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ लावणाऱ्यांना धोका अधिक होता. वेगात धावणाऱ्याला पाणी प्यायला वेळच नसतो. आपला नवशिका सात-आठ तास वाटेवर, हातात बाटली आणि मनात उन्हाची भीती. तोच या धोक्याच्या रांगेत पुढे उभा असतो. तहानेप्रमाणे प्यावं, पाठीवर दीड-दोन लिटर असावं आणि त्यात मीठ असावं. मिठासाठी रंगीत पेयं शोधायची गरज नाही. गावातल्या आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीत, एका लिटरला, ७५ मिलिमोल सोडियम असतं. खेळाडूंच्या नावानं विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेयांत याच्या निम्म्याहूनही कमी. चव खारट लागते, तेव्हा अर्ध्या पाण्यात ओआरएस घालावं आणि अर्धं साधं ठेवावं. खाण्याचा हिशेबही असाच सरळ. शरीरात साठलेली साखर दोन हजार कॅलरींच्या आसपास असते. साठ किलोच्या माणसाला सपाटीवरच बेचाळीस किलोमीटरला अडीच हजार लागतात, चढ वेगळा. तेव्हा तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत: पाच-सहा खजूर, किंवा गुळाचा मोठा खडा आणि मूठभर शेंगदाणे. ज्वारीची भाकर आदल्या रात्री उत्तम, इथल्या गोंडांचा ज्वारीचा गटकाही उत्तम, पण पळताना पोटात ती बसून राहते. जे शर्यतीत खायचं ते सरावाच्या लांब दिवशी खाऊन पाहिलेलं असावं. ऑक्टोबरचं ऊनही असंच वापरून घ्यावं. दहा-चौदा दिवस रोज तासभर बेतानं उन्हात हालचाल केली की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि नाडी खाली येते. हे उन्हाशी भांडून मिळत नाही, थोडं थोडं घेऊन मिळतं.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र याच प्रदेशातून येतो. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेआधी, पुष्य महिन्यात, मेसराम कुळातले गोंड गोदावरीचं पाणी आणायला जन्नारमजवळच्या हस्तिनामडगूपर्यंत पायी जातात आणि पायीच परततात. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर, रान-डोंगरातून, अनवाणी. ना बूट, ना गेटर, ना ओआरएस. बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. मग ही सामानाची एवढी चर्चा म्हणजे शहरी लाड नाहीत काय? काही अंशी आहेत, आणि म्हणूनच यादी आखूड हवी. पण हे दाखले नीट वाचले पाहिजेत. लता करे यांची शर्यत तीन किलोमीटरची होती आणि त्या बुटांविना धावल्या त्यामागे नवऱ्याच्या उपचाराच्या पैशांची ओढ होती. त्याला पादत्राणांविषयीचा सिद्धांत करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. मेसरामांचे पाय लहानपणापासून याच मुरमावर घडलेले असतात, आणि त्यांच्या वाटचालीचं जे खरं तंत्र आहे ते पायांत नाहीच: ते गटानं जातात, मुक्काम करत जातात, वाटेतली गावं त्यांची वाट पाहत असतात, आणि कुणी कुणाच्या पुढे जात नाही. सामान कमी लागतं ते माणसं जास्त असल्यामुळे. एकट्यानं सरावाला निघणाऱ्याजवळ ही माणसं नसतात. त्याच्या पिशवीतली शिट्टी आणि बँडेज ही त्या माणसांची दुबळी भरपाई आहे. यातून निघणारा धडा मला बूट काढण्याचा वाटत नाही, सोबती शोधण्याचा वाटतो.

सोबतीचं आणखी एक कारण रानात आहे. या भागातलं कवल हे २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि पैनगंगेच्या अलीकडच्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघ नदी ओलांडून भीमपूर, तामसीच्या शेतशिवारात येतात. राखीव रानात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे कायद्याचं झालं. त्याबाहेरही पहाटे आणि तिन्हीसांजेला झाडीतल्या वाटा टाळाव्यात, कानात गाणी घालू नयेत, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली तर मुळीच जाऊ नये: मोहफुलांवर अस्वलांचाही हक्क असतो आणि ती पहाटेच येतात. यात एक अडचण आहे, जी मला पूर्ण सोडवता आलेली नाही. ऊन टाळायचं तर पहाट हवी आणि जनावर टाळायचं तर पहाट नको. तडजोड एवढीच की उजाडेपर्यंत गावाजवळच्या उघड्या पांदणीत वेळ काढावा आणि सूर्य वर आल्यावर झाडीत शिरावं. आणि ती पांदणही कुणाची तरी आहे, हे विसरू नये. इंद्रवेल्लीला २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा, लोकांच्या तोंडी असलेला त्याच्या कितीतरी पट. रस्त्यालगतचा त्या मृतांचा स्मारकस्तंभ पाहूनच उटनूरकडे जावं लागतं. अशा भूमीत रंगीत कपड्यांतल्या माणसानं गावात न विचारता घुसणं, पिकातून आडवं जाणं, खाऊची वेष्टणं धुऱ्यावर टाकणं हे नुसतं असभ्य राहत नाही. गावाच्या पाटलाला, शेतात काम करणाऱ्या काकांना आदल्या दिवशी विचारलं तर वाटही चांगली कळते: कुठल्या नाल्याला अजून पाणी आहे, कुठे तारेचं कुंपण नवीन घातलंय, कुठल्या धुऱ्यावर कुत्री सुटी असतात. नकाशात हे काहीच नसतं.

जानेवारीतल्या शर्यतीसाठी सप्टेंबरात सुरुवात करणाऱ्याचा हिशेब असा लागतो: वाफसा येईपर्यंत मुरमाड टेकड्या आणि बैठका, ऑक्टोबरात ऊन, नोव्हेंबरात पायऱ्या आणि कुसळं, डिसेंबरच्या मध्यात सर्वांत लांब दिवस, आणि मग तीन आठवडे उतरती भांजणी. याच सुमाराला, पुष्याच्या सुरुवातीला, मेसरामांची मंडळी झारी घेऊन निघतात. सरावाला निघालेला माणूस त्या दिवसांत उटनूर-इंद्रवेल्लीच्या बाजूला असेल तर त्यानं वाटेच्या कडेला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यावं, घड्याळ थांबवावं, आणि ती रांग चढावर कशी चालते ते शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत पाहावं.